तारनाक्यातलं डब्लिन

माझ्या धाकट्या दिरांनी आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, ती म्हणजे लाल दिवा. बाकी सगळं जग, म्हणजे दूधवाला, डॉक्टर, हवामान खातं, त्यांचा सख्खा भाऊ आणि मी, चौकशी पूर्ण होईपर्यंत संशयित. आणि चौकशी काही पूर्ण होत नाही. भाऊजी रेल्वेत सिग्नल खात्यात होते. त्या खात्याचा एक नियम आहे म्हणे: तार तुटो, दिवा जावो, उंदीर काही कुरतडो, कुठे काय बिनसलंय ते कळलं नाही तरी सिग्नल आपोआप लाल होतो. गाडी खोळंबते, लोक शिव्या देतात, पण मरत कोणी नाही. "शंका आली की लाल, वहिनी. मग बसा शोधत," असं ते मला लग्न होऊन या घरात आल्यापासून सांगत आलेत. गाड्यांसाठी नियम फारच चांगला. पण या माणसाने तो डब्याबरोबर रोज संध्याकाळी घरी आणला, आणि निवृत्त झाल्यावर खात्याला परत करायचा विसरला.

हैदराबादेत मी मलकपेठेत राहते, ते तारनाक्याला. महिन्यातून दोनतीनदा मी त्यांच्यासाठी काहीतरी करून घेऊन जाते. बेल वाजवली की आतून आवाज येतो, "कोण?" मी म्हणते, "मी. वहिनी." पावलं दारापर्यंत येतात. मग, "कोणाची वहिनी?" अहो, त्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाडच नाही! मी चिडून म्हणते, "तुमचीच, दुसरं कोण विचारतंय तुम्हाला?" तरी दार उघडत नाही. "मागच्या खेपेला काय आणलं होतं?" "धपाटे." "सोबत?" "शेंगदाण्याची चटणी, आणि या वेळी काहीच मिळणार नाही, मी चालले परत." मग कुठे कडी निघते. दारात उभे राहून वर मलाच समजावतात, "रागवू नका. आवाज काय, कुणीही काढतं. आजकाल तर मशीनसुद्धा काढतं. चटणीचं मात्र मशीनला ठाऊक नसणार." आता हे बोलणं वेड्यासारखं आहे म्हणावं, तर पेपरात रोज तसल्याच फसवणुकीच्या बातम्या. या माणसाची हीच तर पंचाईत आहे. दहातल्या एका वेळी ते बरोबर निघतात, आणि त्या एका वेळेच्या जोरावर उरलेल्या नऊ वेळा आमच्या नाकी नऊ आणतात.

घरात टीव्ही आहे, पण त्याच्यावर टॉवेल. बातम्यांपुरता टॉवेल वर जातो, बातम्या संपल्या की खाली. टीव्ही ऐकतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून काही खाजगी बोलायचं असलं की ते टीव्हीसमोर तेलुगूत बोलतात. मी विचारलं, "का हो, तेलुगू नाही का कळत त्याला?" तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "नाही कळत. मी त्याच्यावर कधी तेलुगू काही लावलेलंच नाही. मराठी मात्र त्याला चांगलं येतं." गॅसच्या सिलिंडरचीही तीच गत. सिलिंडर आणणारा माणूस आता फोनवर आलेला नंबर मागतो, आणि भाऊजींनी तर शपथच घेतलेली की फोनवर आलेला कुठलाही नंबर सख्ख्या आईलाही सांगायचा नाही. त्या बिचाऱ्याने खांद्यावर भरलेलं सिलिंडर घेऊन जिन्यात उभं राहून विनवण्या केल्या, "सार, नंबर बोलो सार." भाऊजी आतून म्हणाले, "कायकू?" शेवटी तो सिलिंडर घेऊन उतरला, आणि भाऊजी त्यानंतरचे कितीतरी दिवस आमच्याकडे जेवायला होते. जेवताना प्रत्येक घास आधी हुंगत होते, हेही सांगायला हवं.

ही हुंगायची आणि चाखायची सवय मात्र जुनी, आणि तिच्यामागे कारण आहे. माझी जाऊ गेली तेव्हा त्यांची मुलगी प्रज्ञा शाळेत होती, दोन वेण्या घालायची. एकटा बाप आणि एकटी पोर. घरात दूध आलं की आधी भाऊजी चाखणार, मग प्रज्ञाला. आंबा आला की देठाकडून हुंगणार, बुडाकडून हुंगणार, एक फोड स्वतः खाऊन घड्याळाकडे बघत बसणार, मग पोरीच्या ताटात. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की हा माणूस खिशात चमचा घालून शाळेच्या फाटकाशी हजर. बुद्ध पौर्णिमेला विहारात खिरीचं मोठं पातेलं चढतं. दरवर्षी तिथेही भाऊजी पुढे. एकदा वरून चाखायची, एकदा मधून, एकदा तळाशी डाव घालून. मागे लोक वाट्या घेऊन ताटकळत, पोरं रडकुंडीला, आणि हे डोळे मिटून जिभेवर खीर घोळवत उभे. प्रज्ञा त्या रांगेत मान खाली घालून उभी असायची. एकदा मला म्हणाली, "मोठी आई, माझे बाबा दुसऱ्या कुणाचे तरी असते तर मीही हसले असते गं." मला हसूही आलं, आणि मी तिला जवळही घेतलं.

पुढे तिचं एका तेलुगू मुलाशी जमलं. किरण. मुलगा लाखात एक, हसतमुख, आणि आपली मराठी ऐकून ऐकून मोडकीतोडकी बोलणारा. पण भाऊजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी त्याच्या घरमालकाला गाठलं, त्याच्या न्हाव्याला गाठलं, आणि रोज सकाळी हिमायतनगरात तो जिथे नाश्ता करायचा तिथे शेजारच्या टेबलावर पेपर तोंडासमोर धरून हे बसायला लागले. डोक्याला माकडटोपी, हैदराबादच्या एप्रिलात! चार दिवस बिलच आलं नाही म्हणून मागितलं तर पोऱ्याने सांगितलं की त्या सारनी तुमचंही दिलंय, रोजच देतात. मला वाटलं आता तरी हा माणूस विरघळेल. छे! "बघितलंत वहिनी? लाच देतोय." तरी लग्न झालं, विहारात, साधेपणाने, छान झालं. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि भाऊजी कॅमेरावाल्याच्या बॅगेकडे.

एवढ्यावर निभावलं असतं. पण किरणच्या ऑफिसने त्याला आयर्लंडमध्ये, डब्लिनला पाठवायचं ठरवलं, दोघांची जायची तयारी सुरू झाली, आणि भाऊजींनी कुरिअरवाला असल्याचं सोंग करून त्याच्या ऑफिसात फोन लावला. खरंच असा माणूस पाठवताय का, कुठे पाठवताय, तिथे त्याचं घर कितव्या मजल्यावर आहे, खिडक्यांना गज आहेत का. कुरिअरवाला गजांची चौकशी कशाला करेल? ऑफिसने किरणलाच बोलावून विचारलं की बाबा रे, तुझ्यामागे पोलिसांचं काही लचांड आहे का. कागद अडकले ते अडकलेच, पुढे कसेबसे सुटले. त्या दिवशी प्रज्ञा तारनाक्याला आली ती पेटलेलीच. मी तिथेच स्वयंपाकघराच्या दारात होते. ती म्हणाली, "बाबा, या जगात कुणावर तरी विश्वास आहे का तुमचा? जाऊ दे जग. माझ्यावर तरी आहे का?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठलाही बाप काय म्हणेल? "आहे गं पोरी," तीन शब्द, काम संपलं. पण भाऊजी पडले प्रामाणिक. प्रश्न विचारलाय तर नीट तपासूनच उत्तर द्यायला हवं, म्हणून ते वर छताकडे बघत विचार करायला लागले. मी दारातून डोळे मोठे केले, मान हलवली, शेवटी ओठांनी "आहे म्हणा, आहे म्हणा" असं करून दाखवलं. त्यांचं लक्षच नाही. त्यांनी तोंड उघडलं तोवर लिफ्ट खाली गेली होती. प्रज्ञा आयर्लंडला गेली ती तशीच. मग फोन यायचे, पण कसे? "बरं आहे?" "बरं आहे." "जेवलीस?" "हो." "काय?" "बाबा, ठेवते." फोन ठेवल्यावर भाऊजी मला म्हणायचे, "जेवली नसेल. लगेच 'हो' म्हणाली." आणि नंतर बराच वेळ टॉवेल घातलेल्या टीव्हीकडे बघत बसायचे. माणूस एकटा एकटा होत चालला होता, आणि कबूल करायचीही तयारी नव्हती.

अशात प्रज्ञाचा मला फोन. तिकडच्या टीव्हीवर घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांची स्पर्धा होती, आणि तिची त्यात निवड झाली होती. मी आनंदाने ओरडले. ती म्हणाली, "पण मोठी आई, बाबांना सांगू नकोस हं. ते परीक्षकांच्या न्हाव्याला गाठतील." मी वचन दिलं. ते वचन मलकपेठहून तारनाक्याला पोहोचेपर्यंत अगदी कसोशीने पाळलं. त्यापुढे मला जमलं नाही. बापाला पोरीचं तोंड बघायला मिळतंय आणि मी मूग गिळून बसू? मी सांगून टाकलं. भाऊजी उठले, चष्मा पुसला, पुन्हा बसले, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "लावा."

मी फोनवर त्या चॅनलचं पान उघडलं. प्रज्ञाचा इवलासा फोटो दिसला, अंगात एप्रन, आणि त्यावर बोट ठेवलं तर एक पाटी आली की तुम्ही ज्या देशात आहात तिथे हा कार्यक्रम दिसत नाही. झालं! "संशय होताच मला," भाऊजी म्हणाले. "स्पर्धाबिर्धा काही नाही. पोरीला फसवताहेत." मी सुनेला फोन लावला. आमची सून संगणकातच नोकरी करते. ती म्हणाली, आई, त्यात काय, व्हीपीएन घ्या. म्हणजे असं एक ॲप, की ते लावलं की समोरच्या चॅनलला वाटतं आपण डब्लिनमध्येच बसून बघतोय. मी तिला विचारलं, हे चालतं का गं? ती म्हणाली, चॅनलच्या अटींमध्ये तसं बसत नाही, पण पोलीस काही यायचे नाहीत. तिने नको तो शब्द उच्चारला. फोनचा आवाज मोठा होता आणि भाऊजींचे कान सिग्नल खात्यातले.

"पोलीस का म्हणाली ती?" इथून जे सुरू झालं ते पंधरवडाभर चाललं. मी तारनाक्यात आहे आणि डब्लिनमध्ये आहे म्हणून सांगायचं, म्हणजे खोटंच की. कुणाशी खोटं? चॅनलशी, की तिकडच्या सरकारशी? "माझ्याकडे पासपोर्टच नाही, वहिनी. उद्या त्यांनी विचारलं, तू आत शिरलास कसा, तर काय सांगू?" मी कपाळावर हात मारला. पण त्यांची खरी भीती वेगळीच निघाली. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आता तोही फोनसमोर तोंड धरून. भाऊजींचं म्हणणं, सरकारला कळलं की हा माणूस आयर्लंडात आहे, तर तारनाक्यात फोनसमोर तोंड धरून बसलाय तो कोण? तोतया! मग खरे भाऊजी मेले असं धरून मोकळे होतील. "मी जिवंत आहे हे सिद्ध करता करता मरेन," असं ते म्हणाले, आणि खरं सांगते, तितकं ऐकल्यावर क्षणभर मलाही धास्ती वाटली. संशय असा चिकटतो.

सुनेने शंभरदा सांगितलं की काका, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. "नसेलही. पण शंका आली की लाल," हे यांचं उत्तर. फुकटची व्हीपीएन मिळतात कळल्यावर तर ते उठून उभेच राहिले: जो फुकट देतो तो गुपचूप काहीतरी नेतो. सून म्हणाली, हे मात्र काका शंभर टक्के बरोबर बोलले. झालं, त्या दिवसापासून सुनेपुढे माझी किंमत कमी आणि भाऊजींची जास्त. मग तिने विकतचं घेऊन दिलं, भाऊजींच्या जुन्या लॅपटॉपवर घातलं. लॅपटॉपमधलं आधीचं सगळं पुसून घेतलं, कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली, आणि तो टीव्हीपासून लांब, पलीकडच्या खोलीत ठेवला, दोघांनी आपापसात बोलू नये म्हणून.

एवढं करूनही स्वारी दुहेरी बंदोबस्त करून होती. हयातीचा दाखला आधी देऊन टाकला. वॉचमनला बजावलं, "कुणीही विचारलं तरी सांग, सार इथेच आहेत, तारनाका सोडून कुठे गेले नाहीत." तो बिचारा तेव्हापासून, कुणी काही न विचारताच, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला की सार कुठेही गेलेले नाहीत, आणि त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला संशय आला की सार नक्की कुठेतरी जातात. रोज सकाळी ताजा पेपर छातीशी धरून भाऊजी स्वतःचा फोटो काढायला लागले, त्या दिवशी इथेच होतो याचा पुरावा म्हणून. ते फोटो मला पाठवायचे. सकाळी सकाळी चहाच्या वेळी फोनवर हा कावराबावरा चेहरा आणि खाली पेपर, जसं काही कुणी पळवून नेलंय आणि आम्ही आता सोडवून आणायचंय. फोटो बघून आमचे हे एवढंच म्हणाले, "पैसे मागितले तर देऊ नकोस."

शेवटी एका रविवारी दुपारी आम्ही बसलो. कार्यक्रम तिकडे होऊन गेला की पुढे केव्हाही बघता येतो, असं सुनेने सांगितलं होतं. भाऊजींनी पडदे ओढले. भिंतीवरचं घड्याळ डब्लिनच्या वेळेवर नेऊन ठेवलं. अंगात स्वेटर! मी म्हटलं, "भाऊजी, कॅमेऱ्यावर पट्टी आहे, कोण बघतंय?" ते कुजबुजले, "इंग्लिशमध्ये बोला, वहिनी. हल्लू." ॲप उघडल्यावर मधोमध एक मोठं गोल बटण दिसलं, लालभडक. भाऊजींना बरं वाटलं. "लाल आहे. ठीक आहे." मी बटण दाबलं, आणि ते हिरवं झालं. भाऊजी दचकून मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हद्दीतला दिवा काही तपासणी न करता हिरवा झाला होता. तेवढ्यात शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायला लागला. भाऊजींनी झडप घालून लॅपटॉपच मिटला. "शिट्टीवरून ओळखतील की हे डब्लिन नव्हे." कुकर गप्प होईपर्यंत आम्ही दोघं त्या बंद, उकडणाऱ्या खोलीत गुपचूप बसून राहिलो. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. या दिरामागे धावता धावता जन्म गेला हो माझा.

आणि मग प्रज्ञा दिसली. जरा वाळली होती, केस कापले होते. भाऊजी पुढे सरकत सरकत इतके पुढे गेले की मला फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं. "हीच आहे," ते म्हणाले, मराठीत, मोठ्याने. पुढचे काही रविवार आमचे असेच गेले. प्रज्ञाने धपाटे केले, बघारे बैंगन केले, तिकडच्या वांग्यांचे. दर वेळी ती पुढे जात गेली. तांबड्या दाढीचा एक परीक्षक होता, त्याच्यावर भाऊजींचा डोळा. "हा नीट चावत नाही. गिळतो. याचं मत कसं धरायचं?" पण तिचं नाव पुकारलं की त्याच दाढीवाल्यावर खुश. मी म्हणायची, आता फोन करून सांगा तरी तिला की बघतोय. तर, "नक्को. विचारेल कसं बघता. फोनवर कसं सांगणार?" खरं कारण मला कळत होतं. मागच्या प्रश्नाचं उत्तर बाकी होतं, आणि त्या आधी दुसरं काही बोलायची त्यांची छाती नव्हती.

शेवटून दुसऱ्या फेरीत तिने खीर केली. आमची, पौर्णिमेची, तीच. दूध आटवताना तिने आधी वरून चाखली, मग मधून, मग तळाशी डाव घालून. निवेदिका हसून म्हणाली, तुझा स्वतःच्याच हातावर भरवसा नाही वाटतं? प्रज्ञाही हसली. इंग्रजीत म्हणाली, "माझ्या वडिलांची सवय आहे. घरात काहीही आलं की आधी ते चाखायचे, मग मला द्यायचे. मला फार लाज वाटायची तेव्हा." मग डावाकडे बघत म्हणाली, "पण लहानपणी माझं पोट कधी दुखलं नाही." आणि या सगळ्या चाखण्यात तिचा वेळ गेला. घंटा वाजली तेव्हा शेवटची वाटी रिकामीच राहिली होती. प्रज्ञा बाहेर पडली.

भाऊजी लॅपटॉपला आणखी चिकटले. मग म्हणाले, "मागे घ्या. ते परत लावा." मी लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "हे तिला कुणीतरी लिहून दिलं असेल. टीव्हीवाले देतात." तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी ओरडलेच, "भाऊजी, पुरे! एवढी पोर जगासमोर बापाचं नाव काढतेय आणि तुम्हाला त्यातही तार तुटलेली दिसतेय? लाज नाही वाटत?" इतकी वर्षं मी त्यांना टोमणे मारले, पण अशी कधी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू विचारलं, "खरंच तिचं ती म्हणाली असेल, वहिनी?" मी म्हटलं, "याला पुरावा नाही मिळायचा. मानायचं तर माना." त्यांनी स्वेटर काढला, घडी घातली, मांडीवर ठेवला. "माझ्या सवयीपायी हरली ती," एवढंच म्हणाले. मी पडदे उघडले, चहा केला. त्या दिवशी त्यांनी तो न हुंगता प्यायला, आणि ते बघून मला रडू आलं.

स्पर्धा संपली, व्हीपीएनचं काम संपलं, असं मी धरून चालले. पण पुढच्या वेळी गेले तर लॅपटॉप चालू, बटण हिरवं. मी म्हटलं, बंद करायचं राहिलं वाटतं. ते जरा ओशाळले. "राहू द्या. यात तिकडचं येतं." खरंच की. आपण डब्लिनमध्ये आहोत असं धरून तो लॅपटॉप सगळं तिथलंच दाखवत होता: तिथल्या दुकानांत रेनकोट स्वस्त झालेत, तिथल्या कुठल्या रस्त्यावर खोदकाम काढलंय, आणि कोपऱ्यात तिथली हवा. आज पाऊस, उद्या पाऊस, परवा वारा. भाऊजी सकाळी उठून पेपरच्या आधी ते बघत होते. पेपर धरून फोटो काढणं कधीच बंद झालं होतं. जो माणूस डब्लिनमध्ये धरला जाईन म्हणून घाबरत होता, त्याला आता तिथून हलायचं नव्हतं.

मी बसलेली असतानाच एका दुपारी ते एकदम ताठ झाले. कोपऱ्यातल्या हवेच्या चौकटीत इशारा आला होता, मोठं वादळ येतंय, बाहेर पडू नका. रंगही तांबडा. लाल रंग बघितल्यावर या माणसाने आयुष्यात कधी वाट पाहिली नाही. त्यांनी थेट फोन लावला. मला फक्त इकडचं ऐकू येत होतं. "प्रज्ञा? वादळ येतंय संध्याकाळी. खिडक्या लावून घे. किरणला म्हणावं लवकर ये, सायकल ऑफिसातच ठेव. हौ... हौ, बघितलं मी. रोज बघतो." मग पलीकडचं ऐकत ते लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "हौ, कार्यक्रमही... सगळे... तुझ्या मोठ्या आईनं सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. हौ. खीरही."  मी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी छताकडे बघितलं, तसंच, त्या दिवशी बघितलं होतं तसं, आणि म्हणाले, "तू जाताना विचारलं होतंस ना. तुझ्यावर आहे. किरणवरही आहे. जरा वेळ लागला तपासायला."

पलीकडे काय झालं ते मला प्रज्ञाने नंतर सांगितलं. काही झालं नाही म्हणे, ती नुसती रडत होती आणि किरण खिडक्या लावत होता.

आता ते रोज बोलतात. संशय काही गेला नाही हो, तो कुठे जातोय! मागच्या आठवड्यात गेले तर बेल वाजवून तशीच उभी. कोणाची वहिनी, काय आणलं होतं, सोबत काय. बाहेर तारनाक्याचं ऊन नुसतं भाजत होतं. माझं उत्तर पसंत पडलं, कडी निघाली, आणि हा माणूस दारात उभा राहून मला आत घ्यायच्या आधी चेहरा उजळून म्हणाला, "आज फार थंडी नाही, वहिनी. ऊन पडलंय छान. ती कपडे बाहेर वाळत घालू शकेल." मी आत गेले. पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवरचा दिवा हिरवा होता.